‘सुकलं की चालते’ म्हणणाऱ्यांना उत्तर

गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या, म्हणजे देसाईगंजच्या, बाजारात इलेक्ट्रिकच्या दुकानासमोर जुलै-ऑगस्टमध्ये थोडा वेळ उभं राहिलं की एक संवाद कानावर पडतोच. गिऱ्हाईक सांगतं, रात्री बोर्डात पाणी गेलं, सॉकेटमधून चर्रचर्र आवाज येत होता, काय करू? दुकानदार तोंड उघडायच्या आत बाजूला उभा असलेला तिसराच कुणीतरी उत्तर देऊन टाकतो, "काही नाही होत जी. बटन बंद ठेवा, दोन दिवस सुकू द्या, मग चालते." गिऱ्हाईकाचे पैसे वाचतात, सल्ला देणाऱ्याचा मान वाढतो, आणि आरमोरी, कुरखेडा, लाखांदूरकडून बाजाराला आलेल्या माणसांबरोबर हा सल्ला संध्याकाळपर्यंत चार तालुक्यांत पोहोचतो. आता मोबाईलवरचे व्हिडिओही तेच सांगतात. कुणी केस सुकवायचं यंत्र फिरवतो, कुणी कसला तरी फवारा मारतो, आणि खाली शेकडो लोक आभार मानतात.

हा सल्ला घातक आहे. तो देणारी माणसं भली असतात, म्हणून तर तो कुणी खोडून काढत नाही. इथे तो खोडायचा आहे.

आधी त्यांची बाजू पुरती ऐकून घेऊ. ते म्हणतात, आम्ही दहा वेळा सुकवून चालवलं आणि दहाही वेळा चाललं. खरं असेल. पण ज्याच्या घरी अकराव्या वेळी चाललं नाही, तो माणूस आपला अनुभव सांगायला दुकानासमोर येत नाही. शिवाय पाणी आणि पाणी यातही फरक आहे. टेबलावरचा प्यायच्या पाण्याचा पेला कलंडून स्विचच्या पट्टीवर चार थेंब उडाले, तर मेन बंद करून, पट्टी उघडून, आत पाहून, कोरडं झाल्यावर ती पुन्हा चालवता येते. तेवढं मी मान्य करतो. मात्र आपल्या भागात बोर्डात शिरणारं पाणी बहुतेक वेळा पेल्यातलं नसतंच.

ते कुठून येतं ते पाहा. इथली निम्मीअधिक जुनी घरं कवेलूची. माकडांच्या टोळ्या जंगलातून वस्तीत उतरतात, छपरावर उड्या मारतात, कवेलू फुटतात. उन्हाळ्यात कवेलू फेरायचं राहून गेलं की मृगाच्या पहिल्या सरीतच धार लागते. ही धार आड्यावरून, वाशावरून, वायरीच्या अंगानं खाली उतरते आणि थेट बोर्डात शिरते, कारण वायर वरून सरळ खाली आणून बोर्डात घुसवलेली असते. बोर्डाच्या खालून वळसा देऊन ती आत घेतली असती तर पाणी वळशाच्या तळाशी ठिबकून गेलं असतं. वीतभर वायरीचं काम, पण ते करणारा क्वचित दिसतो. स्लॅबच्या घरांची गत वेगळी आणि अधिक फसवी. स्लॅब झिरपतो, पाणी आतल्या पाइपात उतरतं आणि वरच्या खोलीत थेंबही न दिसता खालच्या बोर्डातून गळायला लागतं. छप्पर कोरडं, भिंत कोरडी, आणि सॉकेटच्या छिद्रातून पाणी! घरधन्याला वाटतं बोर्डातच काही बिघाड आहे.

या पाण्यात मातीच्या भिंतीतले क्षार असतात, चुना असतो, कवेलूवरची धूळ असते, माकडांची घाण असते. आणि पुराचं पाणी असेल तर बोलायलाच नको. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या पावसानं वैनगंगा फुगली, गोसीखुर्द धरणाचे सगळे 33 दरवाजे उघडावे लागले, आणि भंडाऱ्यापासून ब्रह्मपुरी, देसाईगंज, आरमोरीपर्यंत नदीकाठची गावं पाण्यात गेली. तेव्हा घराघरांत शिरलेलं पाणी ओसरल्यावर भिंतींवर गाळाची रेघ राहिली होती. तोच गाळ सॉकेटच्या आतही बसतो, आणि तिथे झाडू पोहोचत नाही.

म्हणून ‘सुकलं’ म्हणजे नेमकं काय सुकलं, हे विचारायला हवं. पाण्याची वाफ होते. क्षार आणि गाळ जागेवरच राहतात. फेजच्या आणि न्यूट्रलच्या पितळी पट्ट्यांमध्ये त्यांचा पातळ थर जमतो. उन्हाळ्यात तो थर निरुपद्रवी असतो. पुढच्या दमट रात्री तो हवेतली ओल ओढून घेतो आणि त्यातून थोडा थोडा करंट वाहू लागतो. एवढासा करंट कुठलाच फ्यूज उडवत नाही. मात्र त्याच्या उष्णतेनं प्लास्टिकवर काळी रेघ उमटते. ती रेघ कोळशाची, म्हणजे स्वतःच वीजवाहक. ती आणखी तापते, आणखी लांबते, आणि एके दिवशी पेट घेते. पाणी शिरलं ऑगस्टमध्ये आणि बोर्ड जळला डिसेंबरमध्ये, तर दोन्हींचा संबंध जोडतो कोण? वर्तमानपत्रात ‘शॉर्ट सर्किटने आग’ एवढंच छापून येतं.

दुसरं नुकसान धातूचं. ओलीनं पितळेवर हिरवट बुरशीसारखा थर चढतो, स्क्रू गंजतो, पिन पकडणाऱ्या पट्टीचा ताण जातो. जिथे धातूला धातू घट्ट चिकटायला हवा तिथे आता अडथळा आहे. हा अडथळा फक्त 0.2 ओहम धरा आणि त्यातून 10 अँपिअर घेणारं गिझर किंवा हीटर चालवा. करंटचा वर्ग गुणिले रोध, हे शाळेतलं गणित. उत्तर येतं 20 वॅट. रेडिओ दुरुस्तीवाला ज्यानं शिसं वितळवतो तो सोल्डरिंगचा दांडा 25 वॅटचा असतो. जवळपास तेवढीच उष्णता सॉकेटच्या बंद डबीत, एका स्क्रूच्या टोकाशी, तासन् तास. प्लगची पिन तपकिरी झालेली, सॉकेटचं तोंड वितळलेलं आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे; "माल हलका होता" म्हणून आपण ते सोडून देतो.

बरं, सल्ल्याचा पहिला भाग तरी खरा का? "बटन बंद ठेवा." बटनानं फेज तुटली पाहिजे, हा नियम. पण गावोगाव जोडणी करणाऱ्या हातांनी किती घरांत बटन न्यूट्रलवर बसवलंय, हे बोर्ड उघडल्याशिवाय कळत नाही. अशा घरात बटन बंद असताना दिवा विझतो, पंखा थांबतो, आणि सॉकेटमध्ये 230 व्होल्ट जसेच्या तसे असतात. कुणी म्हणेल, टेस्टर लावून पाहू. टेस्टरमधला दिवा तुमच्या अंगातून जमिनीकडे जाणाऱ्या सूक्ष्म करंटवर पेटतो. प्लास्टिकच्या स्टुलावर उभं राहून, दिवसाच्या लख्ख उजेडात पाहिलं तर तो पेटलेला दिसणारही नाही. टेस्टर पेटला तर वीज आहे असं समजावं. न पेटल्यावरून काहीही समजू नये.

मेन बंद केलं की मात्र प्रश्नच मिटला, असं अनेक जाणकारही सांगतात. त्यांच्या घरी इन्व्हर्टर नसावा. लाईनचा लपंडाव चालणाऱ्या या भागात ज्याला परवडतो तो इन्व्हर्टर बसवतो. मेन पाडलं की इन्व्हर्टरला वाटतं लाईट गेली, आणि तो इमानेइतबारे त्याच ओल्या बोर्डाला बॅटरीवरून पुरवठा सुरू करतो. मेन बंद करायचं म्हणजे इन्व्हर्टरही बंद करायचा, हे वाक्य सल्ल्यात कधी येत नाही.

आता सर्वांत आवडतं उत्तर, "आपल्याकडे एमसीबी आहे." जुन्या चिनी मातीच्या कटआउटची जागा एमसीबीनं घेतली हे चांगलंच झालं, फ्यूजमध्ये जाड तार घालायची खोड तरी मोडली. पण एमसीबी वाचवते ती वायरीला. 16 अँपिअरची एमसीबी 16 अँपिअरच्या वर बराच करंट गेल्याशिवाय हलत नाही. ओल्या अंगाच्या माणसाचा रोध हजार ओहमच्या आसपास धरला, तर 230 व्होल्टला त्याच्या अंगातून 0.23 अँपिअर जातात. साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब याहून थोडा जास्तच घेतो. हृदयाची लय बिघडायला याच्या निम्म्याहून कमी करंट पुरतो. म्हणजे माणूस दगावेपर्यंत एमसीबीच्या लेखी घरात फक्त एक बल्ब वाढलेला असतो.

यावर कुणी अर्थिंगचं नाव काढतं. अर्थिंग हवीच, पण कुठली? अंगणात एक सळई ठोकलेली, वर्षानुवर्षं पाणी न घातलेली. अशा सळईचा जमिनीशी रोध 20 ओहम निघाला तर फेज कूलरच्या पत्र्याला टेकल्यावर जमिनीत जातात साडेअकरा अँपिअर. 16 ची एमसीबी तेही मुकाट्यानं पुरवत राहते आणि पत्र्यावर वीज जिवंत राहते. याहून वाईट प्रकार म्हणजे सॉकेटच्या तिसऱ्या छिद्राला तारेचा तुकडा लावून तो न्यूट्रललाच जोडणं. जोडणारा अभिमानानं सांगतो, अर्थिंग करून दिली. ज्या दिवशी पावसात खांबावरून येणारी न्यूट्रल तुटेल, त्या दिवशी त्या घरातला फ्रिज, कूलर, मिक्सर, ज्याला ज्याला धातूचं अंग आहे त्या प्रत्येकावर फेज येईल.

यावरचा उपाय कित्येक वर्षं बाजारात आहे. आरसीसीबी म्हणतात तिला. फेजनं गेलेला करंट न्यूट्रलनं तेवढाच परत आला का, एवढंच ती पाहते. 30 मिलिअँपिअरची तूट दिसली की सेकंदाच्या छोट्याशा अंशात घराचा पुरवठा तोडते. अर्थिंग कच्ची असली तरी माणसाचा हात लागताच ती पडते. तिलाही मर्यादा आहेत. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरणाऱ्याला ती ओळखत नाही, आणि सॉकेटमधला सैल स्क्रू तापत असेल तर ते तिला कळत नाही. म्हणून सॉकेट बदलण्याला ती पर्याय नव्हे. पण ओल्या बोर्डानं माणूस मरण्याच्या बहुतेक वाटा ती बंद करते.

आणि नेमकं तिचंच आपण काय करतो? पावसाळ्यात ती वारंवार पडते, घरात चिडचिड होते, सीरियल बुडते, मग कुणाला तरी बोलावलं जातं. तो येतो, दोन वायरी काढून थेट जोडतो आणि सांगतो, "मशीनच खराब होती, डायरेक्ट करून दिली, आता नाही पडत." या माणसाला आपण हुशार मिस्त्री म्हणतो, चहा पाजतो, शंभराची नोट देतो. घरात कुठेतरी करंट गळतोय असं ओरडून सांगणाऱ्याचं तोंड त्यानं दाबलं आहे. कधी दोष जोडणीचा असतो हे खरं. दोन सर्किटच्या न्यूट्रल एकमेकींत मिसळल्या किंवा इन्व्हर्टरची न्यूट्रल चुकली की ती विनाकारण पडते. पण ते शोधायला तासभर लागतो, आणि डायरेक्ट करायला पाच मिनिटं. एका तासाची मजुरी द्यायची आपली तयारी नसते, हे आपणही कबूल केलेलं बरं.

इथवर भल्या माणसांशी वाद झाला. दुसरं एक म्हणणं आहे, ते भलेपणातून येत नाही. दरवेळी कुणी करंट लागून गेलं की बातमीत आणि पत्रकात एकच कारण वाचायला मिळतं, नागरिकांचा निष्काळजीपणा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार अलीकडच्या वर्षांत देशात दरवर्षी 12 हजारांहून अधिक माणसं विजेच्या धक्क्यानं मरतात. इतकी माणसं एकाच प्रकारे मरत असतील तर दोष त्यांच्या स्वभावात शोधणं सोपं पडतं खरं, पण त्यानं पुढच्या वर्षीचा आकडा कमी होत नाही.

टिनाच्या पत्र्याखालून वायर गेलेली आहे. उन्हानं तापून तिचं वरचं आवरण कडक होऊन फाटलंय. पत्र्याला वीज, पत्र्याच्या खांबाला वीज, खांबाला बांधलेल्या कपडे वाळवायच्या तारेला वीज. घरची बाई ओली चादर घेऊन सांदवाडीत, म्हणजे परसात, जाते. तिला वाचवायला नवरा धावतो, त्याला ओढायला सासू. महाराष्ट्रात दर पावसाळ्यात अशी बातमी येते आणि एकाच घरातली दोन-तीन माणसं तिच्यात असतात. यात निष्काळजी कोण? चादर वाळत घालणारी? विदर्भात उन्हाळाभर कूलर हीच कथा सांगतो. पत्र्याचं अंग, आत पाणी, पाण्यात पंप, समोर ओल्या फरशीवर खेळणारं पोर. महावितरण दर उन्हाळ्यात कूलरबाबत सूचना काढतं, त्या योग्यच असतात. पण सूचना वाचून कूलरच्या आतली गळती दिसत नाही. ती पाहणारं यंत्र बोर्डावर हवं.

ते का नाही, याचं उत्तर धोरणात आहे. सप्टेंबर 2017 मध्ये सौभाग्य योजना आली. वीज नसलेल्या घरांना जोडणी, मीटर, एका दिव्याची वायरिंग आणि एक एलईडी बल्ब मिळाला. चांगलं काम होतं. पण कुठलंही घर एका दिव्यावर थांबत नाही. त्या एका पॉइंटमधून पुढच्या चार वर्षांत टीव्ही निघाला, चार्जर निघाले, कूलर निघाला, न्हाणीजवळचा टुल्लू पंप निघाला, आणि हे सगळं वाढवलं गावातल्या कुणा पोरानं, काळी टेप लावून. नवी जोडणी घेताना परवानाधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. त्यानंतर ते घर वीस वर्षं कुणी तपासत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2010 च्या सुरक्षा नियमांनी गळतीसंरक्षणाचं उपकरण सक्तीचं केलं, आणि त्याच नियमात लहान भाराच्या घरगुती जोडण्यांना सूट दिली. म्हणजे ज्याच्याकडे एसी आहे त्याला सक्ती, आणि ज्याच्या मातीच्या भिंतीला ओल आहे तो वगळला. सूट गरिबाच्या सोयीसाठी दिली असं सांगतील. त्याची सोय पैशानं करायला हवी होती.

पैसा किती लागतो तेही पाहू. चांगल्या कंपनीची आरसीसीबी साधारण दोन हजारांच्या आसपास मिळते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात 1 लाख 30 हजारांचं अनुदान धरलं आहे. त्याच्या दीड टक्क्यात हे उपकरण बसतं. घरकुलाच्या नकाशात शौचालय सक्तीचं करता आलं, तर बोर्डावरची ही एक डबी सक्तीची करायला कुठला कायदा आडवा येतो? पुरानंतरच्या पंचनाम्याचंही तेच. पडलेल्या भिंती मोजतात, धान मोजतात, वाहून गेलेली जनावरं मोजतात, कपड्या-भांड्यांची मदत देतात. चार दिवस पाण्याखाली राहिलेल्या वायरिंगला वेगळा रकाना नाही. मग घरधनी ती सुकवून चालवतो, आणि उद्या काही झालं तर निष्काळजी ठरतो.

मीटरच्या पलीकडे जबाबदारी ग्राहकाची, हे महावितरणचं म्हणणं कायद्यानं बरोबर आहे. मग पूर ओसरल्यावर त्याच कायद्यानं आणखी एक गोष्ट व्हावी. वीज खात्याची माणसं पाण्यात गेलेल्या यंत्राचं इन्सुलेशन तपासल्याशिवाय ते चालू करत नाहीत. तपासायला त्यांच्याकडे मेगर असतो. घरगुती वायरिंगसाठी 500 व्होल्टचा मेगर लावून किमान एक मेगाओहम दाखवला पाहिजे, हा जुना आणि साधा निकष. सरकारी यंत्रासाठी जो नियम पाळतात तो कोंढाळा किंवा कुरुडसारख्या गावातल्या घरासाठी का नको? एक मेगर, वडशाच्या आयटीआयमध्ये वीजतंत्री शिकणारी दोन मुलं आणि सोबत एक परवानाधारक वायरमन, एवढ्या पथकाला एका गावातली पाण्यात गेलेली घरं तपासायला फार दिवस लागणार नाहीत. नगरपरिषद आणि ग्रामपंचायतींनी हे मागायला हवं. मागितल्याशिवाय कुणी देणार नाही.

तोवर दुकानासमोर उभ्या असलेल्या त्या तिसऱ्या माणसाला विनंती आहे की सल्ला द्यायचाच तर असा द्या. बोर्ड ओला आहे तोवर त्याला हात लावू नका, प्लगही ओढू नका. हात आणि पायाखालची जमीन कोरडी असेल तरच मेन पाडा, इन्व्हर्टर बंद करा. मेनचा बोर्डच भिजला असेल किंवा घरात पाणी साचलं असेल तर आत जाऊ नका. 1912 ला फोन करा, लाईनमनला सांगून खांबावरून लाईन तोडून घ्या. पाणी कुठून आलं ते आधी बंद करा. भिजलेलं सॉकेट आणि स्विच काढून टाका, नवं शंभर-दीडशे रुपयांत येतं. वायरीची टोकं काळी-हिरवी झाली असतील तर तेवढी छाटून चांगल्या तांब्यापर्यंत या. पुराचं पाणी असेल तर मेगर लावून घेतल्याशिवाय चालू करू नका. कुणाला करंट लागलेला दिसला तर त्याला हात लावू नका. आधी लाईन तोडा, ते जमत नसेल तर वाळलेल्या लाकडानं त्याला सोडवा.

आणि हा लेख वाचून झाला की आपल्या घरच्या मेन बोर्डापाशी जा. ‘टी’ अक्षर असलेलं एक लहान बटन तिथे आहे का ते पाहा. नसेल तर तुमच्या घरात आरसीसीबी नाही. असेल तर इन्व्हर्टर बंद करून, लाईट चालू असताना ते दाबा. घर तिथल्या तिथे अंधारात गेलं पाहिजे. गेलं नाही, तर कुणीतरी ती आधीच डायरेक्ट केलेली आहे किंवा ती निकामी झाली आहे, आणि पाऊस लागायच्या आत ती दुरुस्त करून घ्या.